सगळं ओके

हॉस्टेलवर राहायची मला फार हौस होती. कॉलेज आकुर्डीला आणि घर कासारवाडीला, म्हणजे रेल्वेत नीट टेकेपर्यंत उतरायची वेळ यायची. असल्या पोराला हॉस्टेल कोण देणार? वर्गातली हॉस्टेलवाली पोरं डोळे चोळत, एकमेकांचे शर्ट घालून लेक्चरला यायची आणि त्यांचे किस्से ऐकताना माझा जीव जळायचा. करोनाच्या पहिल्या वर्षी मला हॉस्टेल मिळालं. मोशीच्या पुढं कुठल्याशा कॉलेजचं रिकामं करून घेतलेलं वसतिगृह, तिसरा मजला, रूम पार्टनर म्हणून सख्खे वडील आणि आजूबाजूच्या खोल्यांत त्यांच्याच कंपनीतली माणसं. हौस फिटली.

पप्पा तेव्हा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ऑपरेटर होते, कंत्राटी. लॉकडाउन जरा सैल झाला, कंपनीची बस पुन्हा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या लाइनवरचा एकजण पॉझिटिव्ह निघाला. झालं, अख्खी लाइन उचलली. ज्यांच्या घरी माणसं होती त्यांच्या घरची माणसंही उचलली; बायका-पोरांना पुढं वेगळा मजला दिला. मम्मी आणि धाकटी बहीण आधीच लातूरकडं गावी गेलेल्या, त्या तिकडंच अडकल्या होत्या. म्हणून आमच्या घरातून आम्ही दोघंच अँब्युलन्समध्ये बसलो. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि फटीतून मोबाइल काढून आमचं शूटिंग केलं.

पहिल्या तपासणीत आम्ही सगळे निगेटिव्ह आलो. शेवटी आणखी एक तपासणी व्हायची, ती झाली की घरी. मात्र मधल्या काळात मजल्यावर कुणीही आजारी निघालं तर सगळ्या मजल्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून धरायचे, असं खालच्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच दिवशी कंपनीतून फोन आला. लाइन थांबवता येत नाही, सध्या दुसऱ्या कंत्राटदाराची पोरं उभी केली आहेत, तुमची बॅच वेळेत सुटली तर तुम्हाला परत घेऊ, लांबलं तर बघू. हा फोन घेतला तो लाइनच्या सुपरवायझरनं. तो चाकणजवळच्याच गावातला, आणि तोही आमच्याबरोबर अडकलेला.

"बघू म्हंजी गेलं," त्यानं व्हरांड्यात सगळ्यांना सांगितलं. "आपल्या मजल्यावर कुनी आजारी पडायचं न्हाई. समजलं का समद्यांना?"

आजारी पडायचं नाही, असं तो रजा मिळणार नाही असं सांगावं तसं म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पप्पांनीही डोलावली. त्यांना त्या कंपनीत चिकटून बरीच वर्षं झाली होती आणि माझी इंजिनिअरिंगची अजून दोन वर्षं बाकी होती.

आता त्या मजल्याबद्दल सांगतो. जेवता जेवता वाचत असाल तर ताट बाजूला ठेवा. माझ्या गादीवर माझ्या आधीच्या माणसाच्या नखांचे तुकडे होते. उशीच्या मधोमध तेलाचा गोल डाग होता आणि ती कितीही पालथी घातली तरी तो दुसऱ्या बाजूलाही होताच. कपाटात कोपऱ्यात अर्धी चपाती, तिच्यावर हिरवी लव. बेसिन दोन, दोन्ही तुंबलेली, आणि त्यांत तंबाखूचे चोथे तरंगत असायचे. तोंडाला मास्क लावायचा, मळलेली तंबाखू एकाच्या तळहातावरून तिघांनी चिमटीनं उचलायची, ती दाढेत सरकवायला मास्क खाली करायचा आणि मग परत वर. हा असला बंदोबस्त बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी बोललोही, तर त्यातला एक म्हणाला, "भावा, चुन्यानं जंतू मरतोय."

सकाळी गुळण्यांचा कार्यक्रम. सगळा मजला एकदम व्हरांड्यात उभा राहून मिठाचं पाणी घशात खळखळवायचा आणि कठड्यावरून खाली सोडायचा. खाली गुलमोहराचं झाड होतं, त्याच्या पानांवरून ते ओघळताना दिसायचं. नेमकं त्याच वेळेला माझं ऑनलाइन लेक्चर असायचं. सरांचा आग्रह, कॅमेरा चालू ठेवा. माझ्या मागं दोरीवर पप्पांची आणि शेजाऱ्यांची अंडरपँटं वाळत घातलेली. मी कॅमेरा भिंतीकडं वळवला तर भिंतीवर कुणीतरी शेंबूड पुसलेला. शेवटी मी छताकडं वळवला. तिथं होतो तोवर सरांनी माझ्या जागी एक पंखा पाहिला.

पण या घाणीपेक्षाही मला जास्त किळस यायची ती मॉर्निंग मीटिंगची. कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी सगळे लाइनीत उभे राहतात, सुपरवायझर कालचं प्रॉडक्शन सांगतो, सेफ्टीची शपथ होते आणि मग काम. त्यानं ती प्रथा जशीच्या तशी तिसऱ्या मजल्यावर आणली. रोज सकाळी सगळे पुरुष खांद्याला खांदा लावून दोन ओळींत उभे. होय, क्वारंटाइनमध्ये. ज्या रोगात माणसानं माणसापासून लांब राहायचं, तो आम्हाला होऊ नये म्हणून आम्ही रोज एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत शपथ घ्यायचो. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, जरा अंतर ठेवून उभं राहूया. सुपरवायझर हसला. "इंजिनेर, लाइन म्हंजी लाइन. तुटक लाइनीला काय म्हनत्यात? गर्दी."

मेसमध्ये एक पांढरा फळा होता. त्यावर पूर्वी जेवणाचा मेनू लिहीत असावेत, कारण कोपऱ्यात 'गोड: शिरा' एवढं पुसायचं राहून गेलं होतं. तो फळा त्यानं वर आणून जिन्यापाशी टांगला. कंपनीच्या गेटवर अपघाताशिवाय गेलेल्या दिवसांचा बोर्ड असतो ना, तसा. त्यावर लिहिलं, 'तक्रारविरहित दिवस', आणि पुढं रोज एकानं वाढणारा आकडा. मीटिंगच्या शेवटी तो विचारायचा, "कुनाला काय तरास?" आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "सगळं ओके!" मग टाळ्या व्हायच्या आणि आकडा वाढायचा. माझ्या पप्पांचा आवाज त्यात सगळ्यात मोठा असायचा. घरी मम्मीनं दोनदा हाक मारली तर एकदा ओ देणारा माणूस तिथं छाती फुगवून ओरडायचा, ते मला बघवायचं नाही.

खालून बोटाला लावायचं एक ऑक्सिमीटर दिलं होतं, तेही सुपरवायझरच्याच ताब्यात. आकडा कमी आला की तो म्हणायचा, "रीचेक." कंपनीत पार्ट मापात बसला नाही की पुसून परत मोजतात, तसंच. बोट पँटीवर घास, परत लाव. नाही जमलं तर दुसरं बोट. तेही नाही तर डावा हात. एखाद्या बोटानं कधीतरी ओके दाखवलं की तेच खरं. यात फसवाफसवी आहे असं कुणाच्या मनातही येत नव्हतं, तो स्वतःही मनापासून करत होता. आयुष्यभर त्यांनी असंच मोजलं होतं.

मग संडास तुंबला. मजल्यावर चालू असलेला तो एकच होता. कुणीतरी त्यात मास्क टाकले होते, कुणी अंड्यांची टरफलं, आणि वरून सगळा मजला जातच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी उंबऱ्याच्या बाहेर आलं. त्या वासाचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो की जिन्यात आलेला जेवणवाला पुडे तिथंच टाकून खाली पळाला. सफाईचं माणूस पॉझिटिव्हच्या भीतीनं वर यायला तयार नव्हतं. सुपरवायझरनं ड्युट्या ठरवल्या, तर पहिला गडी दारापर्यंत जाऊन कठड्यावर ओकला, दुसरा त्याला बघून ओकला. मी खोलीचं दार लावून, फटीत टॉवेल कोंबून, नाकाला बाम चोपडून बसलो होतो.

तेवढ्यात पप्पा उठले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधली, खराट्याचा दांडा घेतला आणि गेले. मी फटीतून बघत होतो. तोंडाला मास्कसुद्धा नव्हता. वाकून, हात कोपरापर्यंत आत घालून ते एकेक गोळा बाहेर काढत होते आणि चक्क गुणगुणत होते. मध्येच थांबून भिंतीला टेकायचे, पुन्हा वाकायचे. काम झाल्यावर त्यांनी साबणानं हात धुतले, खोलीत आले आणि सकाळचं राहिलेलं उकडलेलं अंडं सोलून खाल्लं. मी म्हणालो, "पप्पा, निदान आंघोळ तरी करा."

"करतो की. भूक लागली होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सुपरवायझरनं त्यांना पुढं बोलावलं, 'बेस्ट ऑपरेटर' म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पप्पा लाजून हसले.

माझ्या डोक्यात मात्र काहीतरी खटकत राहिलं. माझे पप्पा म्हणजे नाकानं जेवणारा माणूस. सकाळची भाजी संध्याकाळी वाढली तर ताटावर वाकून हुंगणार आणि ताट बाजूला सारणार. दूध तापवायच्या आधी पातेलं नाकाशी धरणार. मम्मीनं तळणाचं तेल दुसऱ्यांदा वापरलं तर त्यांना दारातून कळायचं आणि त्यावरून घरात भांडणं व्हायची. शेजारच्यांच्या घरात सुकट भाजली तरी आमच्याकडं खिडकी लागायची. हा माणूस त्या नरकात मास्क न लावता गुणगुणत होता? त्याच दुपारी जेवणाच्या पुड्यातलं वरण आंबलं होतं. माझा पुडा उघडल्याबरोबर मी तोंड फिरवलं. पप्पांनी त्यांचं वरण भातावर ओतलं, कालवलं आणि बोटं चाटून पुसून संपवलं.

मी त्यांना काही विचारलं नाही. सकाळी प्रत्येक खोलीला दुधाची एक पिशवी यायची. दुसऱ्या दिवशी ती आल्याबरोबर मी फोडली, दूध पेल्यात ओतलं, स्वतः हुंगून पाहिलं. ताजं, थंडगार, चांगलं दूध. मग मी चेहरा कोरा ठेवून पेला त्यांच्यापुढं धरला. "पप्पा, नासलंय का बघा जरा."

त्यांनी पेला नाकाशी नेला. एकदा हुंगलं, परत हुंगलं. मग पेल्याच्या कडेवरून त्यांनी हळूच माझ्या तोंडाकडं पाहिलं. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघतात तसं. माझा चेहरा काही सांगत नव्हता. ते अंदाजानं म्हणाले, "हां, नासलंय. टाकून दे."

मी पेला खाली ठेवला. मी म्हणालो, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वास कधीपासून येत नाही?"

ते कॉटवर बसले. तेवढं बसतानाही त्यांना दम लागला हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. "येईना झालाय तीन-चार रोज झाले," ते म्हणाले. "ताप पण न्हाई काई न्हाई. अंगात थोडी कसकस हाय, जाईल. शेवटच्या तपासणीपर्यंत जाईल. तू कुठं बोलू नको."

"आणि दम?"

"संडास साफ केल्याचा दम हाय तो."

मी खूप बोललो. हॉस्पिटल, ऑक्सिजन, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं. ते ऐकून घेत होते आणि मध्येच थांबून श्वास घेत होते. शेवटी म्हणाले, "समद्यांचे दिवस परत पहिल्यापासून होतील. वीस घरं हायत लेका या मजल्यावर. माझ्यापायी लाइन जाईल. मग काय तोंड दाखवू?"

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. या बेसिनात थुंकणाऱ्या, याच्या-त्याच्या तळहातावरची तंबाखू खाणाऱ्या लोकांना तोंड दाखवायचं म्हणून हा माणूस मरायला निघाला होता. मम्मी गावाकडून रोज फोनवर विचारायची, पप्पा कसे आहेत, आणि पप्पा तिलाही तेच सांगायचे, सगळं ओके.

मी पेल्यातलं दूध पिऊन टाकलं आणि मीटिंगला गेलो. सगळे ओळींत उभे होते. पप्पा माझ्या मागोमाग भिंतीचा आधार घेत आले आणि आपल्या जागेवर उभे राहिले. सुपरवायझरनं सगळ्यांची बोटं तपासली. पप्पांपाशी आल्यावर म्हणाला, "रीचेक." त्यांनी बोट पँटीवर घासलं. परत रीचेक. मग दुसरं बोट, मग डावा हात. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट लावल्यावर आकडा क्षणभर वर गेला. "हे बग, ओके," तो खूश होऊन म्हणाला. मग ओळींसमोर जाऊन त्यानं विचारलं, "कुनाला काय तरास?"

"सगळं ओके!"

पप्पांचा आवाज त्यात नव्हता. ते तोंड उघडून फक्त श्वास घेत होते.

"ओके नाही," मी म्हणालो. "माझ्या वडलांना वास येत नाही. त्यांना दम लागतोय. परवाचा संडास त्यांना म्हणूनच साफ करता आला."

मागून कुणीतरी शिवी दिली. पप्पा घाईघाईनं म्हणाले, "साहेब, पोरगं हाय. परीक्षेचं टेन्शन हाय त्याला." एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं. शेजारी उभे असलेले दोघं चटकन बाजूला सरकले. इतके दिवस मी सांगत होतो ते अंतर एका क्षणात पडलं. सुपरवायझर माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "आजचा दिस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? आपुन वाफ दिली असती त्याला."

मी भिंतीवर चिकटवलेला नंबर लावला. अँब्युलन्स यायला बराच वेळ लागला. तोवर पप्पा जिन्याच्या पायरीवर बसून होते आणि मी त्यांच्या शेजारी. त्यांनी मान दुसरीकडं वळवली होती. बाकीचे आपापल्या दारांत उभे राहून बघत होते, त्यातल्या कुणाच्याही चेहऱ्यावर दया नव्हती. पप्पांना खाली नेल्यावर सुपरवायझरनं फळ्यावरचा आकडा पंजानं पुसला, मार्कर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "लिव आता तूच." मी शून्य लिहिलं. चांगलं मोठं लिहिलं.

पुढचे दिवस मी त्या मजल्यावर वाळीत पडल्यासारखे काढले. माझा जेवणाचा पुडा जिन्यात लाथाडलेला सापडायचा. माझ्या बादलीत कुणी गुळणी टाकली. मला त्याचं काही वाटलं नाही, किळस येऊन येऊन ती बोथट झाली होती. तिकडं पप्पा ऑक्सिजनवर होते. डॉक्टरनं फोनवर सांगितलं, आणखी थोडं थांबला असता तर अवघड होतं. मजल्यावरचे आणखी काहीजण नंतर पॉझिटिव्ह निघाले. सकाळच्या ओळीत पप्पांच्या आजूबाजूला उभे राहणारेच. लाइन गेली ती गेलीच. मी जे केलं त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही.

पप्पा वाचले. दम हळूहळू ओसरला, वजन भरलं, पण वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल, कधीतरी येईल. आता इतकी वर्षं झाली. सुकट भाजली तरी आमच्याकडं खिडकी लागत नाही. दूध तापवायच्या आधी पप्पा पातेलं घेऊन मम्मीकडं किंवा माझ्याकडं येतात, पातेलं आमच्या नाकाशी धरतात आणि आमच्या तोंडाकडं बघत राहतात.

मधे बरेच दिवस ते घरीच होते. मग एक दिवस त्याच सुपरवायझरचा फोन आला. तो आता कंत्राटदाराकडं माणसं पुरवायचं काम बघतो. एका कारखान्यात सांडपाण्याच्या टाक्या साफ करायला माणूस हवा होता आणि तिथं कुणी टिकत नव्हतं. माझ्याशीच बोलला तो. "तुज्या बापाला सांग. त्याला कायबी तरास न्हाई व्हायचा. त्याला कुटं वास येतोय!" वर हसला. मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. मी पप्पांना सांगितलं, जाऊ नका, तिथं टाकीत विषारी वायू साठला तर पहिलं नाकच सांगतं आणि तेच तुमच्याकडं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले. म्हणे पर्मनंट करणार आहेत. टाकीत उतरायच्या आधी तिथंही विचारतात, काही त्रास? आणि हे काय म्हणत असतील ते मला माहीत आहे.

माझी नोकरी लागली आहे, तुम्ही हे सोडा, असं मी दर आठवड्याला म्हणतो. ते हो म्हणतात. संध्याकाळी दारात येऊन उभे राहतात तेव्हा आधी तो वास आत येतो. कुजकट, आंबूस, घशात जाऊन बसणारा. तिथूनच ते विचारतात, "येतोय का रे वास?"

मी श्वास रोखतो, चेहरा अगदी कोरा ठेवतो आणि म्हणतो, "नाही पप्पा. काहीच नाही."

ते क्षणभर माझ्या तोंडाकडं बघतात. मग भिंतीला कुठं अंग लागू न देता बाथरूमकडं जातात.